पितळ चकाकतं, म्हणून भरवशाचं नसतं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी बजावलं होतं, "कामाबद्दल बोल, पण कॉम्प्युटर नको." मी इंजिनीअर झाले, पोट सॉफ्टवेअरवर भरते, पण कॉलेजात धातूंचा एक पेपर होता, तो यंदा गणपतीत अचानक उपयोगी पडला. म्हणून आज विषय पितळेचा.

रेवदंड्याजवळ आमचं जुनं घर आहे. रानडुकरांपासून शेती राखायला आजोबांकडे परवान्याची पॉइंट ३१५ ची रायफल होती. त्यांच्यामागे ती ठाण्यात जमा झाली. यंदा माळा आवरताना पत्र्याचा एक डबा निघाला, त्यात उडालेल्या काडतुसांच्या चाळीस पितळी पुंगळ्या. अमेरिकेहून आलेला चुलतभाऊ हरखलाच. तिकडे हौशी नेमबाज कायदेशीररीत्या घरी पुंगळ्या पुन्हा भरतात. हाही भरतो, आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा त्याच्याबरोबर नेमबाजी करतो. काकूंनी पुंगळ्या चिंचेने घासून दिल्या, सोन्यासारख्या निघाल्या. "ताई, या भरता येतील ना?"

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार उडतो तेव्हा आतला दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या हजार पटींहून जास्त असतो. पुंगळी क्षणभर फुगून बंदुकीच्या घराला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, मग जराशी आकसते. ती फाटली तर तोच वायू नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. आणि दर बाराला, दर वेळी पुन्हा मापात दाबताना, पितळ कडक होत जातं. तार वाकवून वाकवून तुटते, तसंच.

आम्ही ओसरीवर बसून एकेक पुंगळी तपासली. तोंडाशी उभी चीर आहे का? तिघींना होती. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसतं का? तिथे भिंत आतून झिजत जाते. बारीक तारेचं टोक वाकवून आतून ओढलं, की खाच असेल तिथे तार अडकते. दोघींत अडकली. उरल्या पस्तीस, दिसायला निर्दोष.

"मग अडचण काय?" भाऊ म्हणाला. अडचण ही, की डबा गोठ्याच्या माळ्यावर होता.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली, की न वापरताच त्यांच्या पुंगळ्या तडकत. ठरावीक ऋतूत घडतं म्हणून या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण उलगडलं: घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि घडवताना पितळात अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की धातूच्या कणांमधल्या सांध्यांतून चीर आत शिरते. उपाय दोन: पुंगळी बेताने तापवून ताण घालवायचा, आणि अमोनियापासून ती दूर ठेवायची.

आमच्या डब्याने पंचवीस-तीस पावसाळे काढले. खाली गुरं, भोवती खाडीची खारी हवा. काही पुंगळ्यांवर गुलाबी डाग होते. खाऱ्या ओलीत जस्त निघून जातं आणि भुसभुशीत तांबं उरतं, ते असंच दिसतं. पण चिंचेत जास्त वेळ राहिलेलं पितळही गुलाबीच दिसतं. घासून झाल्यावर फरक कसा सांगणार?

"तापवून घेतल्या तर?" भावाने विचारलं. तापवल्याने ताण जातो, पडलेली चीर बुजत नाही. आणि केसाहून बारीक चीर तारेला लागत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच आहे. तपासणीत दोष सापडला तर तो आहे हे नक्की. सापडला नाही, तर तो नाहीच असं नव्हे. अशा वेळी वस्तूचा इतिहास विचारायचा. इथे इतिहास ठाऊक होता, आणि तो वाईट होता. मी "नाही" म्हटलं. आजोबांची आठवण म्हणून भावाला वाईट वाटलं. पण तिकडे एक नवी पुंगळी कॉफीच्या कपाहून स्वस्त मिळते, आणि गोळी झाडताना शेजारी त्याचा मुलगा असतो. आपल्याकडे तर परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हाच आहे. काकांनी परवान्याच्या जुन्या कागदांसह डबा पोलीस ठाण्यात नेऊन दिला.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांची किनाऱ्यावरची घरं आता गणपती आणि मे महिन्यापुरती उघडतात. माळ्यावर असं काही सापडलं, विशेषतः न उडालेलं काडतूस, तर घासू नका, तापवू नका, पोरांच्या हाती देऊ नका. आहे तिथेच राहू द्या आणि ठाण्यात कळवा. पितळ उघडं पडायचं ते तिथे पडू दे, कुणाच्या डोळ्यांसमोर नको.