दूरवैद्यक : डॉक्टरांचा संकोच आणि सरकारची सोय



दूरवैद्यकाविषयी, म्हणजेच टेलिमेडिसिनविषयी, डॉक्टरांच्या मनात जो संकोच आढळतो, त्याला मागासलेपणा ठरवण्याची घाई होऊ नये. नाडी पाहणे, पोट चाचपणे, छातीला नळी लावणे यांवर वैद्यकाचे शिक्षण उभे आहे. पडद्यावर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. पण पोटदुखी अपचनाची की आंत्रपुच्छाच्या दाहाची, हे पुष्कळदा बोटांनाच कळते.

संकोचाचे दुसरे कारण कायद्याचे. रत्नागिरीतील एका बाळंतिणीच्या मृत्यूप्रकरणी २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने दोघा डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर हजर नसताना दूरध्वनीवरून उपचार सांगितले गेले आणि रुग्णालयात तिला पाहणारा दुसरा डॉक्टरही नव्हता, असा तेथील आक्षेप होता. वैद्यकवर्ग हादरला. दूरध्वनीवरून सल्ला देणेच गुन्हा ठरेल, असा अर्थ अनेकांनी काढला. वस्तुतः रोग्याच्या उशाशी जबाबदार माणूस नसणे, हे त्या प्रकरणाचे मर्म होते.

पुढे २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. कोणती औषधे केवळ संभाषणावरून सांगता येतील, कोणती रोग्याला पडद्यावर पाहिल्यानंतरच, आणि कोणती मुळीच नाहीत, हे त्यांत ठरवले गेले. दूरसल्ला पुरेसा की प्रत्यक्ष तपासणी हवी, हा निर्णय डॉक्टरावर सोपवला गेला. कायद्याची भीती यामुळे ओसरली. हाताने तपासण्याची उणीव मात्र कायम राहिली.

ती उणीव काही अंशी भरून निघते ती माणसामुळेच. 'ई-संजीवनी' या सरकारी योजनेत आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रोग्याजवळ बसून रक्तदाब मोजतो, लक्षणे सांगतो आणि दूरच्या डॉक्टराचा सल्ला अमलात आणतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये या योजनेने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठला. जुन्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रोग्याची तालुक्याची खेप वाचली, मजुरी बुडाली नाही, हा लाभ लहान नव्हे.

परंतु अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया पडद्यावरून होत नाही. केंद्राच्याच आकडेवारीनुसार मार्च २०२२ मध्ये ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. ही तूट तशीच ठेवून सल्ल्यांचे कोटींचे आकडे मिरवले गेले, तर गरिबाच्या वाट्याला पडदा आणि श्रीमंताच्या वाट्याला डॉक्टर, अशी नवी वर्णव्यवस्था आरोग्यसेवेत रूढ होईल. अशा व्यवस्थेत पडद्यामागच्या डॉक्टराचा संकोच रोग्याच्याच हिताचा ठरतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात तीन गोष्टी विचाराव्यात : दूरसल्ल्यानंतर किती रोग्यांना पुढे पाठवले, त्यांपैकी किती प्रत्यक्ष पोहोचले, आणि ते पोहोचले तेव्हा तेथे डॉक्टर होता काय? या उत्तरांवरच योजनेचे मोल ठरवावे, आणि रिकाम्या जागा भरण्याची मागणी त्यांच्याच आधारे लावून धरावी.