दारव्ह्यात पाहण्यासारखं काय आहे?

बाहेरगावचा पाहुणा आला की हा प्रश्न विचारतोच. वर्षानुवर्षं त्याला आम्ही दाखवत आलो ती शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची ही नॅरोगेज लाइन वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने घातली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४च्या एप्रिलपर्यंत धावलं, मग डिझेल आलं आणि गेल्या दशकात गाडीच थांबली. पुसदचा फाटा तर त्याच्या कितीतरी आधी उखडला होता. आता काय दाखवायचं, रूळ?

मी पाहुण्याला दोन तिथ्या सांगतो. पहिली रामनवमी, पोहरादेवीची. गाव वाशीम जिल्ह्यातलं, मानोरा तालुक्यातलं. पण आम्हाला ते आपलंच वाटतं. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला देशभरातून बंजारा बांधव तिथे येतात. आता नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही उभं राहिलंय, ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ते जरूर पाहावं. पण काचेआडचा आरशांचा घागरा पाहून बंजारा समाज कळला, असं कुणी समजू नये.

त्यासाठी श्रावणात यावं. तांड्यात तेव्हा तीज असते. कुमारिका वेताच्या टोपल्यांत माती-खत घालून गहू पेरतात. टोपल्या नायकाच्या घरी ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात. नऊ दिवसांत पिवळसर हिरवे कोंब वीतभर होतात. शेवटच्या दिवशी सारा तांडा नाचत निघतो आणि टोपल्यांचं विसर्जन होतं. त्या वेळी मुली रडतात, आणि ते रडणं देखाव्याचं नसतं. पुढच्या तिजेला आपण माहेरी असू की सासरी, हे तिच्या हातात नसतं.

दुसरंही एक आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी तांड्यात येते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती कपाशीच्या बियाण्यात नाहीतर दवाखान्यात संपलेली. पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला माणसं जातात, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. पोरं सोबत गेली तर शाळा बुडते, मागे राहिली तर म्हाताऱ्यांच्या गळ्यात. त्यामुळे तिजेला तांडा जसा भरलेला दिसतो तसा हिवाळ्यात दिसत नाही. हिवाळ्यात आलेल्या पाहुण्याला कुलपंच दिसतील. पर्यटनाच्या माहितीपत्रकात हे छापत नाहीत, पण पाहायचंच असेल तर हेही पाहावं.

येणाऱ्यांनी एवढं करावं, आधी नायकाला भेटावं, विचारूनच फोटो काढावा. आणि मुली फेर धरून गात असतील तेव्हा मधे उभं राहू नये.