निरोपाची घाई नसलेले लोक



भूगोलाचा शिक्षक म्हणून मीं चौतीस वर्षें काढलीं. परदेशांतील विचित्र चालीरीती हा त्या काळीं माझा हुकमाचा एक्का असे. तास रटाळ होऊं लागला कीं एखादी चमत्कारिक रूढि सांगावी, वर्ग खळखळून हंसावा आणि मग पुन्हां नकाशाकडे वळावें, असा माझा क्रम. एके दिवशीं मात्र हा एक्का माझ्यावरच उलटला.

फळ्यावर सुलावेसी बेटाचा नकाशा काढला होता. जुन्या भूगोलांत त्यास सेलिबीस म्हणत. हल्लीं तें इंडोनेशियांत मोडतें. बेटाच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांत तोराजा नांवाचे लोक राहतात. त्यांच्या परंपरेप्रमाणें घरांतील माणूस वारला, तरी तो वारला असें लगेच म्हणत नाहींत. तो आजारी आहे, असें म्हणतात. प्रेत टिकावें म्हणून पूर्वीं वनस्पतींचा उपयोग करीत, आतां फॉर्मॅलिन टोंचतात. हा ‘आजारी’ कित्येक महिने, क्वचित् कांहीं वर्षेंहि, घरांतच राहतो. त्याच्यापुढें अन्नपाणी ठेवतात, त्याच्याशीं बोलतात. पुढें अंत्यविधीचा मोठा सोहळा होऊन रेडे कापले गेले, म्हणजे मगच तो खरोखर मेला. हे रेडे त्यास परलोकीं पोंचवितात, अशी समजूत आहे.

वर्ग हंसला. पण दोन महिन्यांपूर्वीं आई वारलेला एक मुलगा मागल्या बांकावरून उठला आणि म्हणाला, "गुरुजी, ते लोक जास्तींत जास्त किती दिवस घरीं ठेवूं देतात?" मीं कांहींतरी उत्तर दिलें आणि घंटेची वाट पाहिली.

त्यानंतर अशा रूढी हंसविण्यासाठीं मीं कधीं सांगितल्या नाहींत. त्यांविषयीं वाचीत मात्र राहिलों.

आफ्रिकेच्या पूर्वेस मादागास्कर बेट आहे. तेथील मध्य पठारावरील मेरिना व बेत्सिलेओ लोकांत ‘फामादिहाना’ नांवाचा विधि असतो. पांच-सात वर्षांनीं, तिकडील हिंवाळ्यांत म्हणजे जून ते सप्टेंबरच्या सुमारास, कुळाची कबर उघडतात, पूर्वजांचे अवशेष बाहेर काढून नव्या वस्त्रांत गुंडाळतात आणि वाजंत्रीच्या तालावर ते हातांखांद्यांवर घेऊन नाचतात. मृतांना घरची हकीकत सांगतात. मग कबर पुन्हां बंद. या लोकांची भाषा आफ्रिकेंतील नव्हे, ती बोर्निओकडील भाषांची बहीण आहे. त्यांचे कांहीं पूर्वज हजाराहून अधिक वर्षांपूर्वीं तिकडून हिंदी महासागर ओलांडून आले. हा विधि मात्र त्यांच्याच होड्यांतून आला असें समजूं नये; आजच्या स्वरूपांत तो बराच अलीकडचा मानतात.

यांत सर्वच गोड आहे असें नव्हे. तोराजांच्या सोहळ्यांत पाहुण्यांनीं आणलेल्या रेड्यांची नोंद होते, तें ऋण पुढें फेडावें लागतें, आणि त्यापायीं कुटुंबें कर्जांत बुडतात. मृतासाठीं जिवंत मुलांचे हाल करावे, हें मला पटत नाहीं. मादागास्करांत २०१७ सालीं प्लेगची साथ येऊन दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. प्लेगनें मेलेल्याला पुन्हां उघडतां येईल अशा कबरींत ठेवूं नये, असा तेथें नियम आहे; तो योग्यच आहे. पण आपल्या बापाला पुन्हां कधीं नवें वस्त्र देतां येणार नाहीं, हें ऐकून एखाद्या मुलाला काय वाटत असेल, त्याचीहि कल्पना करावी.

मेक्सिकोंत नोव्हेंबरच्या १ व २ तारखांना मृत आप्त घरीं येतात असें मानून त्यांच्यासाठीं झेंडूच्या फुलांची आरास करतात. आपण दसऱ्याला दारावर ज्याचें तोरण बांधतों, तो झेंडू मूळचा तिकडचाच! आणि दहाव्याला पिंड ठेवून आपण कावळ्याची वाट पाहत ताटकळतों, हें एखाद्या तोराजा गृहस्थानें पाहिलें, तर तोहि आपल्या शाळेंत जाऊन सांगेल आणि वर्ग हंसेल.

माझ्या पत्नीस जाऊन सहा वर्षें झालीं. तिच्या चष्म्याचें घर कोनाड्यांत आहे. संध्याकाळीं फिरावयास निघतांना त्याकडे पाहून मी "येतों ग" म्हणतों. परवां मुलगा म्हणाला, "बाबा, आतां तें आंत ठेवून देऊं या." मीं म्हटलें, "ठेवूं, दिवाळीनंतर पाहूं."