गोळी कुणाच्या हाती?

बारामती-इंदापूर तालुक्यांतून दवाखाने बंद ठेवून आलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. समोर माझ्याहून हुशार मंडळी बसली आहेत असं म्हणायचा रिवाज आहे, आणि ते खरंही आहे.

संयोजकांनी विषय दिलाय : हार्ट फेल्युअरच्या उपचारांचा आढावा. तो उरकून घेतो. बीटा ब्लॉकर आणि स्पायरोनोलॅक्टोन आपल्या हाताशी होतीच. २०१४ साली सॅक्युबिट्रिल-वालसार्टनचा मोठा अभ्यास आला. २०१९ साली डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही तारते, हे दिसलं. चारही औषधं आज आपल्या मेडिकलमध्ये मिळतात. झाला आढावा. आता बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बोलतो.

ही औषधं घेऊन घरी गेलेला आपला माणूस पुन्हा रात्री दोनला धापा टाकत गाडीतून का येतो? आडवं होता येत नाही म्हणून रात्रभर भिंतीला टेकून बसलेला असतो. आपण म्हणतो, 'पेशंट ऐकत नाहीत हो.' अहो, ऐकायला आपण सांगतो काय? हातात इंग्रजी कार्ड आणि वर दोन शब्द : मीठ कमी. तो भाजीतलं मीठ कमी करतो आणि अळणी भाजी खाववत नाही म्हणून शेजारी ठेचा आणि लोणचं घेतो. एकादशीला सैंधव चालतं अशी त्याची समजूत, आणि सैंधवही मीठच, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. दुकानातलं 'लो सोडियम' मीठ घरात आणलं, तर त्यात पोटॅशियम. स्पायरोनोलॅक्टोनवर असलेल्या माणसाला ते घातक.

लघवीच्या गोळीचं तेच. इंदापूरहून एसटीनं पुण्याला जायचं, वाटेत गाडी थांबेल याची खात्री नाही, म्हणून माणूस त्या दिवशी गोळीच बुडवतो. पालखीबरोबर निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असं चालणाऱ्या बायका तर आठवडाभर बुडवतात. आडोसा कुठं शोधणार? प्रवासाच्या दिवशी ती गोळी मुक्कामाला पोचल्यावर घेतली तरी चालते, एवढं एक वाक्य आपल्या तोंडून निघत नाही.

आता मुद्द्यावर येतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. एक किलो म्हणजे एक लिटर. पायावर सूज दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. वजन वाढलेलं दिसलं की रुग्णानं आधी ठरवून दिलेली लघवीची जादा गोळी स्वतः घ्यावी, आणि मग डॉक्टरला फोन करावा. याच क्रमानं.

सकाळच्या सत्रात यावर बराच वाद झाला. 'अडाणी माणसाच्या हाती डोस देणं धोक्याचं' असं एक तरुण सहकारी म्हणाले. त्यांना माझ्या एका पेशंट आजींबद्दल सांगतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पण डेअरीवर फॅट किती, डिग्री किती लागली यावरून संकलन करणाऱ्या पोराशी भांडणाऱ्या. त्यांना काटा दिला, तर दोन दिवसांनी परत घेऊन आल्या : 'डॉक्टर, ह्यो खोटा हाय.' शेणानं सारवलेल्या जमिनीवर काटा डुलत होता. त्यांनीच मग शहाबादी फरशीचा तुकडा शोधून त्यावर तो ठेवला. दुधाचा हिशेब कॅलेंडरच्या ज्या चौकटीत, त्याच चौकटीत वजन. नातवाच्या लग्नातल्या पंगती झाल्या आणि आकडा बावन्नवरून चोपन्नाच्या पुढं गेला. मला फोन आला तो गोळी घेऊन झाल्यावर. तिसऱ्या दिवशी आकडा जागेवर होता. गाडी नाही, ऑक्सिजन नाही, सलाईन नाही.

पोटॅशियम घसरेल, किडनीवर ताण येईल, हे आक्षेप मला मान्य आहेत. ज्यांची किडनी अधू आहे, ज्यांना चक्कर येते, जुलाब-उलट्या चालू आहेत, त्यांनी आधी फोन करायचा. जादा गोळी दोन दिवसांच्या पुढं नाही. हे कागदावर मराठीत लिहून देता येतं. आणि मित्रहो, इन्सुलिनची सुई आपण याच माणसांच्या हाती बिनदिक्कत देतो. गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक गोळ्याबिस्किटांसारखं विकलं जातं, त्यानं अंगात पाणी साठतं, किडनीही दुखावते. त्यावर परिसंवाद ठेवल्याचं मला आठवत नाही. लघवीची अर्धी गोळी, टॉरसेमाइड, म्हटली की मात्र आपल्याला शास्त्र आठवतं!

१७८५ साली विल्यम विदरिंगनं अंगावरच्या सुजेसाठी डिजिटॅलिस जगापुढं आणलं. तो नुस्खा त्याच्यापर्यंत आला होता श्रॉपशरमधल्या एका खेडवळ म्हातारीकडून. वैद्यकानं तिचं नावसुद्धा नीट टिपून ठेवलं नाही. दोन शतकं उलटली, आणि आपण अजून म्हातारीवर विश्वास टाकावा का याचा खल करतोय.

हा आजार म्हाताऱ्यांचाच, असंही समजू नका. तिरुवनंतपुरमच्या २०१३ सालच्या हार्ट फेल्युअरच्या रुग्ण-नोंदीत बाराशेंवर माणसं होती, सरासरी वय एकसष्ट. आपल्याकडं एकसष्टीचा गडी ऊस कारखान्याला जायच्या आधी बाहेरच्या काट्यावर तोलून घेतो. तोलण्याचं महत्त्व आपण त्याला शिकवायचं?

तेव्हा यंदा एवढं करू. एक मराठी पत्रक काढू. पाच-सहा जणांची समिती नेमू. नावं नंतर ठरवू. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलू, आशाताईंना बरोबर घेऊ. काटे कोणी द्यायचे, त्याचे पैसे कुठून येणार, यावर दुपारी चर्चा करा. गोळी रुग्णाच्या हाती द्यायची की नाही, हा विषय मात्र मी चर्चेला ठेवत नाही.