दारूबंदी आणि दारबंदी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



'परमिट रूममध्ये पाच बायका' असा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू पिकलं. साहजिक आहे. ज्या संघटनेच्या बायका आडव्या बाटलीसाठी घरोघरी सह्या गोळा करतात, त्यांच्यातल्याच पाचजणी तिथं जाऊन बसतात म्हणजे काय, असं कुणीही विचारेल. तेव्हा आधी त्याबद्दलच बोलू.

आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. पिण्यासाठी परवाना लागतो आणि परवानाधारकांनी बसून प्यायची खोली ती परमिट रूम. नाव सरकारी, पण विलायतेत 'पब' म्हणजे लोकांचं घर असतं, तशीच ही आपल्या गल्लीची बैठक झाली आहे. परवान्याला वयाची अट आहे, पुरुष असण्याची नाही.

गेल्या पावसाळ्यात बैठक संपल्यावर आम्ही जुन्या नाशकातल्या अशाच एका खोलीत गेलो. सनमायकाची टेबलं, भिंतीला आरसे, गल्ल्यावर गणपतीचा फोटो आणि त्यापुढे तांबडा दिवा. वेटर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणत होते. "ताई, वर फॅमिली रूम आहे, तिथं बसा," ते म्हणाले. आम्ही म्हटलं, मामा, इथंच बसतो. त्यांनी एकदा गल्ल्याकडे पाहिलं, मग टेबलावर फडका मारला आणि न मागता खारे दाणे, उकडलेले चणे, काकडीचे काप आणून ठेवले. दोघींनी बिअर घेतली, तिघींनी लिंबू सोडा. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी उठून पंख्याचं तोंड आमच्याकडे वळवलं. हे स्वागत मनापासूनचं होतं, हे मुद्दाम सांगते. अशा जागांबद्दल बोलताना आपण सगळ्या पुरुषांना एकाच मापानं मोजतो.

दीड तास आम्ही पाहत होतो. एकानं मुलाच्या फीसाठी दुसऱ्याकडून उसने पैसे घेतले. अंबडच्या एका कारखान्यात भरती असल्याची बातमी या टेबलावरून त्या टेबलावर गेली. आणि एकजण नुसता बसला होता, ग्लास पुढे ठेवून, दारातून पाऊस बघत. का बसलास, असं त्याला कुणी विचारलं नाही. मला हेवा वाटला तो या माणसाचा. बाईला नळ आहे, देऊळ आहे, हळदीकुंकू आहे. पण तिथंही हाताला काम नाहीतर तोंडाला कारण लागतं.

आमच्यातल्या एकीनं बाथरूम विचारलं तेव्हा मामा खरोखर ओशाळले. मुतारी होती, फक्त पुरुषांची. फॅमिली रूमलाही वेगळी सोय नव्हती. खोली बांधणाऱ्यानं कुणाला गृहीत धरलं होतं ते यावरून कळतं.

आता आपल्या घरातला वाद. दारूचं दुकान बंद करा म्हणणाऱ्या बाईनं तिथं पाऊल टाकू नये, असं आपल्यातल्याच काहीजणींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. २००५ मध्ये राज्य सरकारनं डान्स बारमधल्या नाचावर बंदी आणली. बायकांची रोजी गेली, दारूचा गल्ला चालू राहिला. ती बंदी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये अवैध ठरवली. जानेवारी २००९ मध्ये मंगळूरच्या पबमध्ये शिरून मुलींना मारलं, तेही संस्कृतीच्या नावानं. दोन्ही वेळी दारूला धक्का लागला नाही, बाईला लागला. आणि बाईनं प्यायलाच हरकत म्हणावी, तर इथं गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वाइनरीची टेस्टिंग रूम २००५ पासून आहे. तिथं गाडीतून आलेल्या बाईकडे कुणी वळून बघत नाही. द्राक्षाच्या बागेत विरळणी करणारी बाई तिथं गिऱ्हाईक म्हणून गेलेली मी तरी पाहिली नाही.

आडव्या बाटलीचा लढा सोडायचा नाही. २००८ च्या आदेशानं शहरातल्या वॉर्डातही किमान २५ टक्के स्त्री-मतदारांच्या अर्जावर मतदान मागायची वाट उघडली. जिथं मजुरी दुकानात उतरते आणि मार घरी येतो, तिथलं दुकान बंद झालंच पाहिजे. पण मागणी दुकानाच्या दाराची आहे. त्या दारातून बाईनं आत यायचं की नाही, हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही, आपणही नाही.

सातपूरच्या गटातल्या एका ताईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांचा नवरा पगाराच्या दिवशी कुठं जातो ते आपल्यातल्या बऱ्याचजणींना ठाऊक आहे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "पंखा होता का?" आणि "कुणी उठवलं नाही तुम्हाला?"

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या वॉर्डाची यादी आणावी. संध्याकाळी सातनंतर, एकटीनं, काही विकत न घेता, बाईला अर्धा तास बसता येईल अशी जागा कुठं आहे? तिथं दिवा आहे का, बायकांची मुतारी आहे का? यादी कोरी निघाली तर कोरीच आणा. ती घेऊन महापालिकेत जायचं आहे.