ताराबाईंचा प्रश्न
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आज जिच्याविषयी बोलायचे आहे, ती बाईसुद्धा वडिलांजवळ घरीच शिकली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्या.

1881 साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. लोकलाजेस्तव तिने आपले नुकते जन्मलेले मूल मारले, म्हणून तिला फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांना निमित्त मिळाले, आणि साऱ्याच बायकांच्या चालचलणुकीवर त्यांनी तोंडसुख घेतले. फास तिच्या गळ्याला, आणि मुलाचा बाप नामानिराळा!

ताराबाईंना हे सोसवेना. 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हे लहानसे पुस्तक छापविले. त्यांचा प्रश्न साधा होता. जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? बायको गेली की पुरुष दुसरी आणतो. नवरा गेला की बाईने मात्र जन्मभर कोपऱ्यात का बसावे? सावित्रीने यमाकडून नवरा सोडवून आणला. बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला नवरा कोणी ऐकला आहे का?

लोकांनी टीका केली. जोतिराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. 1885 च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी ताराबाईंची बाजू मांडली. विधवांचे हाल फुले पतिपत्नींनी जवळून पाहिले होते. अशा बायकांच्या बाळंतपणासाठी 1863 साली पुण्यात त्यांनी गृहच काढले होते. ताराबाईंचे पुस्तक पुढे लोक विसरले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा ते आपल्यापर्यंत आले.

आता थोडे आपल्या घरचे बोलते. आपल्या मंडळातल्या विधवा भगिनी वर्गणी देतात, आजच्यासारख्या दिवशी पहाटेपासून चुलीपाशी राबतात. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांच्या दारावरून पुढे जाते. ही बंदी कोणा पुरुषाने येऊन घातलेली नाही. करंडा आपल्याच हातात आहे! मग ताराबाईंचा प्रश्न आपल्यालाही लागू होतो की नाही?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 साली विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. एक गाव करू शकते, तर आपले मंडळ का नाही?

म्हणून माझी सूचना अशी, की येत्या संक्रांतीला बोलावणे प्रत्येक सभासदाच्या घरी जावे, आणि वाण प्रत्येकीच्या ओटीत पडावे. कुंकू लावायचे की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावे. कोणा वडीलधाऱ्या बाईंना हे रुचणार नाही, हे मी जाणते. त्यांनी आजच मोकळेपणाने बोलावे. पण विषय टाळू नये.