पिंजऱ्याबाहेरचे रहिवासी
(आपल्या संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनात बोलावयास उभे राहिले म्हणजे शिक्षण, विवाहातील खर्च आणि वसतिगृहाचा निधी हे विषय ओघानेच येतात. ते महत्त्वाचे आहेतच, आणि आमच्या पूर्वीच्या वक्त्यांनी त्यांवर अधिकाराने सांगितलेही आहे. कार्यकारी मंडळाने आम्हांला विषयाची मोकळीक दिली. तिचा लाभ घेऊन आम्ही आज एका निराळ्याच वस्तीची हकीकत सांगणार आहोत. प्रारंभी ती आपणांस दूरची वाटेल. परंतु शेवटी ती आपल्याच बांधावर येऊन उभी राहील, एवढे आश्वासन देतो.

प्राणिसंग्रहालय पाहावयाचे तर आपण नगरकर पुण्याची किंवा मुंबईची वाट धरतो. तिकीट काढून आत जातो, पाटी वाचतो, पाटीमागचा प्राणी पाहतो आणि पुढे सरकतो. परंतु ज्यांच्या नावाची पाटी नाही, असेही रहिवासी त्या आवारात असतात. मुंबईची राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, 1862 साली लोकांस खुली झाली. तेथील जुन्या वृक्षांवर दिवसा वटवाघळे उलटी लोंबकळत असतात आणि तिन्हीसांजेस भक्ष्याच्या शोधार्थ बाहेर पडतात. रातबगळेही तेथे वस्तीस असतात. त्यांना कोणी पकडून आणले नाही, की कोणी कोंडले नाही. भोवताली शहर वाढत गेले, झाडे तेवढी बागेत उरली, म्हणून ते तेथे राहिले.

दिल्लीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. तेथील प्राणिसंग्रहालय 1959 च्या नोव्हेंबरात सुरू झाले, आणि दुसऱ्याच वर्षी, 1960 साली, रानातील चित्रबलाक पक्षी तेथील तळ्यांतल्या बेटांवर घरटी करू लागले. उजनीच्या जलाशयाकाठी गुलाबी पिसांचे आणि लांब पिवळ्या चोचीचे हे करकोचे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील. दिल्लीत ते पावसाळ्याच्या अखेरीस येतात, पिले वाढवतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी निघून जातात. पिंजऱ्यातील पक्ष्यांसाठी खोदलेले तळे मोकळ्या पक्ष्यांनी आपले मानले.

ओडिशातील नंदनकाननची गोष्ट तर कोणी कल्पित म्हणावी अशी आहे. 1967 साली शेजारच्या जंगलातील एक वाघीण आपण होऊन त्या संग्रहालयात, एका नर वाघाच्या आवारात, शिरली. लोकांनी तिचे नाव ‘कानन’ ठेवले आणि ती तेथेच राहिली. आपण पिंजरा म्हणजे तुरुंग समजतो. त्या वाघिणीस भिंतीपलीकडे आपल्या जातीचा जोडीदार दिसला, एवढेच खरे.

या तिन्ही गोष्टींचे तात्पर्य एकच आहे. पाणी, आडोसा, भक्ष्य, जोडीदार आणि जिवाची निर्धास्तता यांपैकी जे हवे ते जेथे मिळेल, ते प्राण्याचे घर. ती जागा सरकारने कशासाठी राखली, तिचा सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि कुंपण कोणत्या बाजूस आहे, हे प्रश्न माणसाचे होत.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर हे कल्याण रस्त्यावरील गाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. 2009 साली तेथील एका विहिरीत एक वयस्क बिबट्या पडला. वनखात्याने त्यास बाहेर काढले, आणि विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधला. त्याचे वय पाहून त्यास ‘आजोबा’ म्हणू लागले. माळशेज घाटात त्यास सोडण्यात आले. आजोबा मात्र तेथे थांबले नाहीत. रस्ते, लोहमार्ग, कारखान्यांच्या वस्त्या आणि खाडी ओलांडून, सुमारे सव्वाशे किलोमीटर मजल मारून, काही आठवड्यांतच ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात दाखल झाले. एवढ्या वाटचालीत त्यांनी कोणाही माणसास इजा केल्याचे ऐकिवात नाही. 2011 च्या डिसेंबरात मुंबईजवळील महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. पुढे 2014 साली त्यांच्या नावाचा मराठी बोलपटही निघाला.

आजोबा ज्या उद्यानात पोहोचले तेथे कुंपणाआड सिंह आणि वाघ ठेवलेले आहेत. पकडून आणलेल्या बिबट्यांसाठी निवाराकेंद्रही तेथे आहे. त्याच उद्यानात आणि भोवतालच्या परिसरात मोकळे बिबटे राहतात. 2018 च्या सुमारास छायाचित्रांवरून झालेल्या मोजणीत ते 47 आढळले. कुंपणाच्या आत बिबट्या, बाहेरही बिबट्या! आम्ही काही कुटुंबे मिळून तेथे सहलीस गेलो असता आमच्यातील एका चिमुरडीने विचारले, “मग आपण आत आहोत की बाहेर?” मोठी माणसे हसली. परंतु परतीच्या प्रवासात त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. त्याचे उत्तर आम्हांस मुंबईत नव्हे, प्रवरेच्या काठी मिळाले.

भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि प्रवरेचे पाट वाहू लागले. 1950 च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कोरडवाहू शिवारात ऊस आला, आणि त्याबरोबर घरात चार पैसे आले. आपल्या समाजातील किती मुले त्या उसावर शिकली, हे या सभागृहात निराळे सांगावयास नको. परंतु वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा, आत हात लांबचे न दिसणारा, पाटाच्या पाण्याने गारवा धरणारा ऊस म्हणजे बिबट्याच्या दृष्टीने काय? उत्तम आडोसा. जवळ पाणी, आणि वस्तीवर कुत्री. दिल्लीच्या तळ्याने चित्रबलाकांस जे दिले, तेच आपल्या फडाने बिबट्यास दिले. तिकीट नाही, पाटी नाही, कुंपण नाही, असे एक संग्रहालय आपण नकळत उभारले आणि त्यातच आपलेही घर बांधले. आत की बाहेर, या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

हा केवळ कल्पनाविलास नव्हे. अकोले परिसरातील 179 चौरस किलोमीटर शेतीच्या मुलखात अभ्यासकांनी स्वयंचलित कॅमेरे लावून पाहणी केली. तिचा निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाला. दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस तेथे आढळले, आणि तेही चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे राहतात अशा मुलखात. या बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या आहारातील 87 टक्के वजन पाळीव जनावरांचे निघाले. त्यात कुत्री 39 टक्के, शेळ्या केवळ 11 टक्के. वास्तविक शेळ्यांची संख्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होती. मग शेळी का वाचली? कारण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रे मोकळे असते. या आकड्यात आपल्या हिताचा फार मोठा धडा आहे.

बांधवांनो, येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बिबट्याच्या हल्ल्यात माणसे आणि लहान लेकरे दगावली आहेत. ज्या घरावर तो प्रसंग आला त्या घरास आकडे ऐकविणे हे निर्दयपणाचे होईल. त्यांचा संताप न्याय्य आहे. प्रश्न एवढाच आहे की, संतापाच्या भरात आपण मागतो तो उपाय गुणकारी आहे की नाही. “धरा आणि लांब जंगलात सोडून द्या,” अशी आपली मागणी असते. शेजारच्या जुन्नर वनविभागात नेमके हेच झाले होते. 1993 ते 2001 या काळात तेथे वर्षास सरासरी 4 हल्ले होत. 2001 पासून बिबटे धरून दुसरीकडे सोडण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि 2003 पर्यंतच्या काळात ही सरासरी 17 वर गेली. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, परतीची वाट शोधते. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन धरतो. जो खरोखर माणसावर हल्ले करतो, त्यास पकडून कायमचे बंदिस्त करणे अवश्य आहे. परंतु दिसेल तो बिबट्या उचलल्याने फड रिकामा राहत नाही.

मग आपल्या हाती काय आहे? शेळ्यामेंढ्यांचा गोठा वरून आणि चोहोबाजूंनी बंद असावा. वस्तीभोवतीची घाण आणि मेलेली जनावरे उघड्यावर पडू नयेत, म्हणजे मोकाट कुत्री वाढणार नाहीत. रात्रीच्या पाळीने पाणी धरावयास जाताना एकट्याने जाऊ नये. हाती विजेरी असावी आणि बोलत किंवा गाणे लावून चालावे. अंधारात मुलांस एकटे सोडू नये, आणि उसालगतच्या घरांनी तर अंगण व फड यांत मोकळी जागा राखावी. तोडणीत बछडे सापडले तर त्यांस हाताळू नये, गर्दी करू नये, वनखात्यास कळवावे. ते जागच्या जागी ठेवले तर बहुधा रात्री आई येऊन घेऊन जाते. आणि रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी, ही मागणी आपण केवळ पिकासाठी नव्हे, तर जिवासाठी म्हणून एकमुखाने करावी. यासाठी आपल्या संस्थेने गावोगावच्या शाखांमार्फत गोठ्यांच्या दुरुस्तीकरिता एक लहानसा निधी उभारावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

अकोल्याच्या डोंगरी भागात आजही वाघबारस पाळतात. त्या लोकांनी वाघाचे लाड केले नाहीत, की तो नाहीच असेही मानले नाही. शेजारी कोण आहे हे ओळखून त्यांनी आपले अंगण राखले. आपला शेजारी फडात आला आहे. त्यास आपण आमंत्रण दिले नव्हते हे खरे. पण घर मात्र आपणच बांधून दिले. आता निदान आपल्या गोठ्याचे दार तरी नीट लावून घेऊ.